प्लगमधील वितळतार व घरगुती विद्युत् मंडलाचे संरक्षण

प्लगमधील वितळतार : घरगुती विद्युत् उपकरणाच्या प्लगमध्येच बसविलेली आणि ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह वाहू लागल्यास स्वतः वितळून मंडल खंडित करणारी वितळतार (बोलीभाषेत फ्यूज). ही तार उघडी नसून चिनी मातीच्या लहान नळीत बंद केलेली असते. अशा वितळतारेचे प्लग मुख्यतः ग्रेट ब्रिटन व आयर्लंड येथे आणि ब्रिटिश पद्धती स्वीकारलेल्या सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, सायप्रस, माल्टा व आखातातील काही देशांत वापरले जातात. भारतातील गोल पिनांच्या प्लगमध्ये ती नसते. अमेरिकेत ‘प्लग फ्यूज’ या नावाने ओळखली जाणारी वस्तू निराळी आहे. ती विजेच्या दिव्याप्रमाणे पेचाने मुख्य फलकात फिरवून बसवितात. प्रस्तुत नोंदीत ब्रिटिश पद्धतीच्या वितळतारेचा मुख्यत्वे विचार केला आहे.

वितळतारेवर छापलेला ३, ५ किंवा १३ हा अँपिअरचा आकडा उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो आकडा उपकरणापेक्षा त्याला जोडलेल्या लवचिक तारेविषयी अधिक बोलतो : ही तार किती प्रवाहापर्यंत धोकादायकपणे तापणार नाही, ते तो सांगतो. आतील नाजूक भाग वाचविण्याचे काम करावयाचे असेल, तर उपकरणातच वेगळी, पुष्कळ लहान मूल्याची वितळतार असावी लागते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे टेबलावरील दिव्याच्या प्लगमध्ये १३ अँपिअरची वितळतार बसविली जाते. दिवा लागतो, काहीच बिघडलेले दिसत नाही आणि चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

इतिहास : संवाहकाचा एक भाग मुद्दाम बारीक ठेवावा, म्हणजे संकटाच्या वेळी तोच आधी वितळेल, ही कल्पना घरगुती विजेपेक्षा जुनी आहे. तारायंत्राच्या कचेऱ्यांचे विजेच्या आघातापासून रक्षण करण्यासाठी फ्रेंच यंत्रज्ञ लूई ब्रेगे यांनी १८४७ मध्ये असा उपाय सुचविला होता. विजेचे दिवे आल्यावर टॉमस एडिसन यांनी दिव्यांच्या मंडलासाठी ‘सुरक्षा संवाहक’ या स्वरूपात त्याचे एकस्व (पेटंट) ४ मे १८८० रोजी मिळविले. त्याच दशकात ब्रिटिश अभियंते विल्यम हेन्री प्रीस यांनी तारेचा व्यास व ती वितळविणारा प्रवाह यांतील संबंध प्रयोगाने ठरविला. उघड्या हवेतील तार वितळविणारा प्रवाह व्यासाच्या दीड घाताच्या (व्यास व त्याचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या) प्रमाणात वाढतो. व्यास मिमी. मध्ये घेतल्यास तांब्याच्या तारेसाठी या गुणाकाराला सुमारे ८० ने गुणावे लागते. यावरून ०·२ मिमी. व्यासाची तार सुमारे ७ अँपिअरला, तर ०·५ मिमी. व्यासाची तार सुमारे २८ अँपिअरला वितळते. व्यास अडीच पट केला की प्रवाह चौपट होतो. बांधण्याच्या वितळतारेच्या ब्रिटिश मानकात याच दोन व्यासांच्या कथिल चढविलेल्या तारांना अनुक्रमे ५ व १५ अँपिअर असे मूल्य दिलेले आहे. म्हणजे छापील मूल्य व प्रत्यक्ष वितळविणारा प्रवाह यांत बरेच अंतर असते. ते का, हे पुढे येईल.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील घरांत २, ५ व १५ अँपिअरची वेगवेगळ्या आकारांची गोल पिनांची सॉकेटे असत. घरात खोल्या अनेक, उपकरणे वाढती आणि प्रत्येकाचा प्लग निराळा, अशी स्थिती होती. मोठ्या सॉकेटासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी लागे. युद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेली घरे पुन्हा बांधावयाची होती आणि तांब्याची टंचाई होती. या पार्श्वभूमीवर विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने बोलाविलेल्या समितीने युद्धोत्तर घरबांधणीच्या अहवालमालेतील ११ व्या क्रमांकाचा अहवाल १९४४ मध्ये दिला. घरगुती वीजवापराचा स्त्रियांच्या श्रमाच्या दृष्टीने विचार करणाऱ्या विद्युत् अभियंत्या कॅरोलाइन हॅस्लेट या समितीच्या सदस्य होत्या. सर्व उपकरणांना एकच सॉकेट असावे आणि सॉकेटांना वलयाकार मंडलातून वीज द्यावी, या दोन कल्पना एकत्र आल्या व त्यांतून १९४७ मध्ये चपट्या पिनांच्या १३ अँपिअरच्या प्लगचे ब्रिटिश मानक (बीएस १३६३) प्रसिद्ध झाले.

वलय मंडलात मुख्य फलकातून निघालेली तार एकामागून एक सॉकेटांना स्पर्श करीत घरभर फिरते आणि पुन्हा त्याच फलकात, त्याच वितळतारेशी येऊन मिळते. प्रत्येक सॉकेटाला प्रवाह दोन्ही बाजूंनी पोहोचतो. त्यामुळे २·५ चौ. मिमी. छेदाच्या, एरवी मध्यम ठरणाऱ्या तारेवर ३० अँपिअरचे (आता ३२ अँपिअरचे) मंडल चालविता येते आणि १०० चौ. मी. पर्यंतच्या क्षेत्रात हवी तेवढी सॉकेटे बसविता येतात. तांब्याची बचत झाली ती येथे. परंतु या बचतीतूनच एक अडचण उद्भवली. फलकातील वितळतार ३० अँपिअरची, आणि सॉकेटातून निघणारी दिव्याची जोडतार जेमतेम ३ अँपिअरची. फलकातील वितळतार या बारीक तारेचे रक्षण करू शकत नाही. ती वितळण्यापूर्वी जोडतारच जळून जाईल. तेव्हा संरक्षणाची एक पायरी प्लगमध्ये आणणे अपरिहार्य झाले. वितळतार प्लगमध्ये असणे ही सुखसोय नसून वलय मंडलाची अटच आहे.

रचना व मूल्ये : ही वितळतार (बीएस १३६२) सुमारे २५ मिमी. लांब व ६ मिमी. व्यासाची असून तिच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असतात. नळीत संवाहक तार व तिच्याभोवती बारीक क्वॉर्ट्झ वाळू भरलेली असते. तार वितळताना तिच्या जागी विद्युत् प्रज्योत निर्माण होते. वाळू तिची उष्णता शोषून घेते, वितळते व प्रज्योत विझविते. या वाळूमुळेच इतकी छोटी वस्तू ६,००० अँपिअरपर्यंतचा दोषप्रवाह न फुटता तोडू शकते. नेहमीच्या वापरासाठी ३ अँपिअर (तांबडा रंग) व १३ अँपिअर (तपकिरी रंग) ही मूल्ये निश्चित केली आहेत. १, २, ५, ७ व १० अँपिअरच्या वितळतारा काळ्या रंगात मिळतात. २३० व्होल्ट दाबाला ३ अँपिअर म्हणजे ६९० वॉट व १३ अँपिअर म्हणजे २,९९० वॉट. पाणी तापविण्याच्या ब्रिटिश किटल्या ३ किलोवॉटच्या आसपास थांबतात त्या यामुळे.

मूल्य व तार यांची जोडी अशी : ०·५ चौ. मिमी. छेदाच्या जोडतारेला ३ अँपिअर, ०·७५ चौ. मिमी. ला साधारणतः ५ अँपिअर आणि १·२५ चौ. मिमी. ला १३ अँपिअर. ही जोडी मोडल्यास काय होते, हे थोडक्या हिशेबाने कळते. ०·५ चौ. मिमी. तांब्याच्या जोडतारेचा जाण्या-येण्याचा मिळून रोध दर मीटरला सुमारे ०·०७८ ओहम असतो. तीतून ३ अँपिअर प्रवाह गेल्यास दर मीटरला ०·७ वॉट उष्णता निर्माण होते. ती हवेत सहज निघून जाते. आता प्लगमध्ये १३ अँपिअरची वितळतार आहे व बिघाडामुळे २० अँपिअर वाहू लागले, असे समजू. १३ अँपिअरची वितळतार एवढा प्रवाह दीर्घकाळ सहन करते. या वेळी त्याच जोडतारेत दर मीटरला ३१ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे ४४ पट. तार सतरंजीखाली किंवा गुंडाळून ठेवलेली असेल, तर ही उष्णता बाहेर पडत नाही. ७० अंश से. साठी बनविलेले प्लॅस्टिकचे निरोधन मऊ होते, आतील तारा एकमेकींकडे सरकतात आणि मग आग लागण्यास फारसे काही उरत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन्ही तारांचा थेट संपर्क होऊन मंडलसंक्षेप (शॉर्टसर्किट) झाला, तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अशा वेळी ३ काय किंवा १३ काय, कोणतीही वितळतार क्षणार्धात वितळते. मोठा दोष हा संरक्षणाच्या दृष्टीने सोपा दोष होय. कठीण असतो तो मधला दोष : मूल्याच्या दीड-दोन पट प्रवाह, जो तासन् तास चालतो आणि ज्याचा आवाज किंवा ठिणगी काहीच होत नाही. वितळतारेचे मूल्य योग्य निवडण्याचा खरा उपयोग या मधल्या क्षेत्रात आहे.

वितळविणारा प्रवाह व छापील मूल्य यांच्या गुणोत्तराला वितळण गुणक म्हणतात. बांधण्याच्या उघड्या वितळतारेसाठी तो सुमारे २ असतो. लघुमंडल खंडक (एमसीबी) १·४५ पट प्रवाहाला एका तासाच्या आत मंडल तोडतो व १·१३ पटीला तासभर तोडत नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. बांधण्याच्या वितळतारेमागे अधिक जाड तार वापरावी, असा नियम आहे तो या फरकामुळेच. गुणक १ च्या अगदी जवळ आणता येत नाही, कारण नेहमीच्या प्रवाहानेही तार तापलेलीच असते व ती वृथा वितळत राहील. शिवाय विद्युत् चलित्र असलेली उपकरणे, उदा., धूळशोषक यंत्र, सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतात. उपकरणाची शक्ती ७०० वॉटपेक्षा कमी असूनही उत्पादक कधीकधी मोठ्या मूल्याची वितळतार देतो ती याकरिता. मात्र त्या वेळी जोडतारही तशीच जाड दिलेली असते.

वितळतारेच्या मर्यादा : माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह थोडा वेळ वाहिला, तरी हृदयाचे ठोके विस्कळित होऊन मृत्यू ओढवू शकतो. ३ अँपिअर हा त्याच्या शंभर पट प्रवाह आहे. उघड्या तारेला हात लागलेल्या माणसासाठी प्लगमधील वितळतार काहीही करीत नाही; तिला तो प्रवाह जाणवतही नाही. धातूच्या आवरणाचे उपकरण असेल व आवरणाला दाबयुक्त तार आतून चिकटली, तर वितळतार उपयोगी पडते, पण तेही भूतार (अर्थ) शाबूत असेल तरच. त्या वेळी भूतारेतून मोठा प्रवाह वाहतो आणि वितळतार वितळते. हात लागण्याच्या धोक्यासाठी शेष प्रवाह खंडक (आरसीसीबी) हे वेगळे साधन लागते. ते जाणारा व परत येणारा प्रवाह यांची तुलना करते व त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडल्यास मंडल तोडते. ब्रिटनच्या २००८ च्या तारबंदी नियमांपासून घरातील सर्वसाधारण सॉकेटांना ते आवश्यक ठरले आहे. याउलट जोडतार अतिभाराने तापत असेल, तर शेष प्रवाह खंडकाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण गेलेला प्रवाह पुरता परत येत असतो. एका साधनाने दुसऱ्याचे काम होत नाही.

चाचण्या : प्लगमधील वितळतार शाबूत आहे की नाही, हे साध्या ओहममापकाने कळते; रोध जवळजवळ शून्य दाखविला की ती शाबूत आहे. परंतु ती योग्य प्रवाहाला वितळेल काय, हे मात्र ती वितळवून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि वितळल्यावर ती उपयोगाची राहत नाही. म्हणून कारखान्यात प्रत्येक गटातील काही नमुने नष्ट करून उरलेल्यांविषयी अनुमान करावे लागते. ग्राहकाच्या हाती राहतो तो नळीवर छापलेल्या मानकचिन्हावरील विश्वास. बनावट वितळतारांचा धोका यामुळेच मोठा आहे. आत वाळू न भरलेल्या बनावट नळ्या आढळल्या आहेत. त्या रोजच्या वापरात अगदी खऱ्यासारख्या वागतात, पण मोठा दोषप्रवाह आला की प्रज्योत विझत नाही व नळी फुटू शकते.

घराच्या मंडलाच्या चाचण्या प्रथम वीजपुरवठा बंद करून व नंतर चालू करून घेतात. त्या जाणत्या माणसानेच करावयाच्या असतात. बंद स्थितीत भूतारेची अखंडता तपासतात आणि ५०० व्होल्ट एकदिश दाब देऊन निरोधनाचा रोध मोजतात. तो किमान १ मेगओहम असावा लागतो. वलय मंडलाची चाचणी यांत सर्वांत बोधप्रद आहे. वलयाची दोन्ही टोके फलकातून सोडवून दाबयुक्त, उदासीन (न्यूट्रल) व भूतार या प्रत्येकीचा टोकापासून टोकापर्यंतचा रोध मोजतात. ५० मी. लांबीच्या २·५ चौ. मिमी. तारेसाठी तो ०·३७ ओहमच्या आसपास येतो. मग एका तारेचे सुरुवातीचे टोक दुसरीच्या शेवटच्या टोकाला, अशी तिरकस जोडणी करून प्रत्येक सॉकेटापाशी रोध घेतात. वलय निर्दोष असेल, तर सर्व सॉकेटांपाशी जवळजवळ एकच वाचन मिळते व ते दोन तारांच्या रोधांच्या बेरजेच्या चतुर्थांशाइतके, या उदाहरणात सुमारे ०·१९ ओहम, असते.

ही खटपट कशासाठी, असे वाटेल. वलय एखाद्या ठिकाणी तुटले, उदा., सॉकेटामागील पेच ढिला होऊन एक तार निसटली, तर घरात काहीही बंद पडत नाही. सर्व सॉकेटांना एका बाजूने वीज मिळतच राहते. किटली तापते, दिवे लागतात, कपडे धुण्याचे यंत्र चालते. मात्र आता सगळा भार एकाच तारेवर येतो. २·५ चौ. मिमी. ची ही तार बसविण्याच्या पद्धतीनुसार २० ते २७ अँपिअर वाहण्यास योग्य असते आणि तिच्यावर पहारा असतो ३२ अँपिअरच्या खंडकाचा. भिंतीतील तार तापत असताना खंडक स्वस्थ बसतो. त्याच्या दृष्टीने सर्व काही मर्यादेत असते. भूतारेचे वलय तुटले, तर तेवढाही सुगावा लागत नाही, कारण भूतारेतून एरवी प्रवाहच वाहत नसतो. तारांच्या बचतीची ही किंमत आहे व ती केवळ मापनाने भरून काढता येते. ब्रिटनमधील काही अभियंते आता नव्या घरांत वलयाऐवजी अरीय (फलकातून निघून शेवटच्या सॉकेटापाशी संपणारी) मंडले पसंत करतात, ते अकारण नाही.

वीज चालू केल्यावर दोषवेटाळ्याचा संरोध मोजतात. दाबयुक्त तार आवरणाला चिकटल्यास प्रवाह ज्या मार्गाने रोहित्रापर्यंत जाऊन परत येईल, त्या संपूर्ण मार्गाचा हा संरोध होय. ३२ अँपिअरचा ‘बी’ प्रकारचा खंडक त्वरित तुटण्यास पाचपट, म्हणजे १६० अँपिअर लागतात. दाबात होणारी घट धरून संरोध १·३७ ओहमपेक्षा कमी असावा लागतो. तो ३ ओहम निघाला, तर दोषप्रवाह ७७ अँपिअरच्या आसपास राहील आणि खंडकाला तुटण्यास कित्येक सेकंद लागतील. तेवढा वेळ उपकरणाचे धातूचे आवरण धोकादायक दाबाला राहील. शेष प्रवाह खंडकाची चाचणी वेगळी असते : १५ मिलिअँपिअरला तो तुटू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांत व १५० ला ४० मिलिसेकंदांत तुटावा. त्यावरील चाचणी कळ घरच्या माणसाने अधूनमधून दाबून पाहावी. मात्र तीमुळे खंडकाची यंत्रणा तपासली जाते, घराची भूतार नव्हे. इंग्लंडमध्ये भाड्याने दिलेल्या खाजगी घरांच्या तारबंदीची तपासणी किमान दर ५ वर्षांनी करून घेणे २०२० च्या नियमांनी घरमालकांवर बंधनकारक केले आहे.

भारतातील स्थिती : ब्रिटनने १९४७ मध्ये गोल पिना सोडण्याचा मार्ग धरला, योगायोगाने त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या भारतात मात्र जुनी ब्रिटिश गोल पिनांची पद्धत चालू राहिली. भारतीय मानकातील (आयएस १२९३) ६ व १६ अँपिअरचे प्लग हे तिचेच वंशज होत. येथे वलय मंडले रूढ नाहीत. दिवे व लहान सॉकेटे यांना एक मंडल, तर पाणी तापविण्याच्या यंत्रासारख्या मोठ्या भाराला स्वतंत्र तार, अशी अरीय रचना असते व संरक्षण फलकातच असते. जुन्या घरांतील चिनी मातीच्या ‘किटकॅट’ पकडीत वितळतार बांधावी लागते. ती उडाल्यावर हाताशी आलेल्या लवचिक तारेतील चारदोन पदर पिळून बांधण्याची सवय सर्वत्र आढळते. प्रीस यांच्या नियमाप्रमाणे तारेचा व्यास दुप्पट झाला, तरी वितळविणारा प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे ५ अँपिअरचे मंडल नकळत १५ अँपिअरचे होते आणि भिंतीतील तारेला याची वार्ता नसते. अमेरिकेत पेचाच्या वितळतारेमागे तांब्याचे नाणे सरकविण्याची अशीच सवय होती. तिच्यावर उपाय म्हणून प्रत्येक मूल्याला वेगळा पेच असलेल्या व मोठ्या मूल्याची वितळतार न स्वीकारणाऱ्या खोबणी तेथे आणण्यात आल्या.

आखातात किंवा ब्रिटनमध्ये राहिलेली मराठी कुटुंबे परतताना तेथील उपकरणे बरोबर आणतात. त्यांचा चपट्या पिनांचा प्लग येथील नेहमीच्या सॉकेटात बसत नाही, म्हणून तो कापून भारतीय प्लग लावला जातो. उपकरण उत्तम चालते, कारण दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखाच आहे. परंतु कापलेल्या प्लगबरोबर ३ अँपिअरची वितळतारही जाते आणि ०·५ चौ. मिमी. ची तीच जोडतार आता थेट १६ अँपिअरच्या खंडकामागे येऊ शकते. अशा उपकरणाचा मूळ प्लग कायम ठेवून अनेक प्रकारचे प्लग घेणारे सॉकेट बसविणे, किंवा निदान ते ६ अँपिअरच्या खंडकावरील मंडलाला जोडणे, अधिक सुरक्षित ठरते.